वादळाची वेळ आणि वादळाचे वजन

१/
१३ मे २०२४, सोमवार. दुपार कलली आणि मुंबईच्या आभाळाचा रंग पालटला. आधी धूळ आली, मागोमाग सोसाट्याचा वारा आणि मग पाऊस. विमानतळाचे कामकाज काही काळ थांबले, मध्य रेल्वे खोळंबली. वडाळ्यात बांधकाम चालू असलेला वाहनतळाचा लोखंडी सांगाडा रस्त्यावर आडवा झाला. घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोल पंपावर एक प्रचंड जाहिरात फलक कोसळला. त्या दुर्घटनेत १७ माणसांचा जीव गेला.

२/
प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा बचावासाठी एक युक्तिवाद पुढे आला. ही दैवी आपत्ती होती आणि हवामान खात्याच्या आधीच्या अंदाजात एवढ्या वाऱ्याची सूचनाच नव्हती, असा तो युक्तिवाद. त्याचा निवाडा न्यायालय करील. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे लक्ष मात्र त्यात दडलेल्या गृहीतकाकडे जाते : वाऱ्याविषयी शहराला जे काही ठाऊक असते, ते आदल्या दिवशीच्या इशाऱ्यातूनच ठाऊक होते. हे गृहीतक कितपत टिकते, ते आज या धाग्यात पाहू.

३/
वादळासंबंधी माणूस दोन निराळे प्रश्न विचारत आला आहे. ते कधी येईल, हा पहिला. आले तर किती जोराने येईल, हा दुसरा. सोयीसाठी पहिल्याला ‘वेळ’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘वजन’. दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा इतिहास वेगवेगळा आहे, त्यांची साधने वेगळी आहेत आणि यशही वेगळे आहे. बातम्यांत आणि वादात मात्र दोहोंची सर्रास गल्लत होते.

४/
आधी वादळ कसे घडते ते पाहू. चैत्र-वैशाखात जमीन तापते, समुद्रावरून दमट हवा आत येते, आणि सह्याद्रीच्या आसपास दुपारनंतर ढग उभे राहू लागतात. दमट हवा वर चढता चढता थंड होते. तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होते आणि त्या क्रियेत सुटलेली उष्णता हवेला आणखी वर ढकलते. असा ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. माथ्यावर तो पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा दिसू लागतो. हाच क्युम्युलोनिंबस, म्हणजे गडगडाटी वादळाचा ढग.

५/
गार याच ढगाच्या पोटात तयार होते. गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवच राहिलेले पाण्याचे थेंब हिमकणावर आदळतात आणि थरावर थर चढवतात. वर चढणारा वारा जितका जोरकस, तितकी गार अधिक वेळ तरंगते आणि मोठी होते. मुंबईत मे महिन्यात शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. तिथून खाली येताना गार बहुधा वितळून जाते. म्हणून विदर्भ-मराठवाड्याला गारपीट परिचयाची, मुंबईकराला मात्र ती अप्रूपाची.

६/
पण वितळणारी गार आणि वाटेतच वाळणारा पाऊस भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून घेतात. ती हवा थंड होते, जड होते आणि वेगाने खाली कोसळते. जमिनीवर आपटली की तिला चहूबाजूंनी पसरण्यावाचून मार्ग नसतो. हाच तो सोसाट्याचा वारा. पावसाच्या आधी धूळ का आली, याचे उत्तरही यातच आहे : पसरणाऱ्या थंड हवेची आघाडी पावसाच्या पुढे धावते आणि वाटेतली माती उचलते. मुंबईला गार क्वचित दिसते. गारेने थंड केलेला वारा मात्र सोसावा लागतो.

७/
आता ‘वेळे’चा इतिहास. एकोणिसाव्या शतकात वादळाच्या अभ्यासाचे एक मोठे केंद्र कोलकाता होते. जहाजांच्या नोंदवह्या चाळणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ च्या सुमारास ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात कोलकाता परिसरात हजारो माणसे मेली आणि १८६५ मध्ये त्या बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले.

८/
या साऱ्या व्यवस्थेचा कणा होता तारायंत्र. ब्रिटनमध्ये ॲडमिरल फिट्झरॉय यांनी १८६१ पासून तारेने आलेल्या नोंदींवरून बंदरांना वादळाचे इशारे द्यायला आरंभ केला होता. त्यामागची कल्पना सोपी आहे. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर रुंद असते आणि दिवसचे दिवस प्रवास करते. तार त्याच्याहून वेगाने धावते. एका बंदरात वायुभारमापकाचा पारा उतरला की पुढच्या बंदराला तयारी करता येते. बातमी वादळाला मागे टाकते, एवढेच त्याचे रहस्य.

९/
गडगडाटी वादळापुढे मात्र हे रहस्य निरुपयोगी ठरते. तो ढग जेमतेम दहा-वीस किलोमीटरचा, त्याचे आयुष्य तास-दोन तासांचे. दोन वेधशाळांमधले अंतर त्याहून कितीतरी अधिक. मोठ्या भोकांच्या जाळ्यातून बारीक मासळी निसटावी, तसा तो नोंदींच्या जाळ्यातून निसटतो. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत गारपिटीने २४६ माणसांचा बळी घेतला. हवामान विभाग तेव्हा तेरा वर्षांचा होता, तारेचे जाळे देशभर होते. पण आधी कळवायचे तरी काय आणि कुठून?

१०/
अमेरिकेत तर याच काळात ‘टोर्नेडो’ हा शब्द सरकारी अंदाजात वापरायला मनाई झाली. नेमके ठिकाण सांगता येत नाही, मग उगाच घबराट का पसरवावी, असा अधिकाऱ्यांचा विचार. ही मनाई विसाव्या शतकात बराच काळ टिकली. जे अचूक सांगता येत नाही ते सांगूच नये, की अर्धवट का होईना पण सांगावे? हा पेच आजच्या प्रत्येक अंदाजकर्त्यापुढेही आहे, म्हणून ही जुनी मनाई लक्षात ठेवण्याजोगी.

११/
कोंडी फुटली १९४८ मध्ये. २० मार्च रोजी ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळाची टोर्नेडोने धूळधाण केली. तिथल्या फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी जुने नकाशे काढून पाहिले : अशा दिवशी जमिनीलगत दमट हवा, वर कोरडी हवा आणि उंचीगणिक बदलणारा वारा हे सारे एकत्र आलेले असते. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, तसाच नकाशा पुन्हा दिसला. त्यांनी धाडसाने इशारा दिला. विमाने आडोशाला नेली गेली आणि संध्याकाळी टोर्नेडो खरोखरच तळावर आला.

१२/
त्या दिवशी त्याच तळावर टोर्नेडो यावा, यात दैवाचाही वाटा होता. पण पद्धत टिकली. ढग दिसण्यापूर्वी ढगाचे साहित्य जमले आहे का, ते पाहायचे. त्यासाठी हवेच्या वरच्या थरांची मोजमापे हवीत. ती यंत्र बांधलेल्या फुग्यांनी मिळतात. मुंबईत सांताक्रूझहून असे फुगे सोडले जातात. त्यांवरून ‘उद्या दुपारनंतर गडगडाटी वादळाची शक्यता’ असे म्हणता येते. स्वयंपाकाची तयारी दिसते. कोणत्या चुलीवर भांडे चढेल, ते मात्र दिसत नाही.

१३/
पुढची पायरी रडारची. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधणाऱ्या रडारच्या पडद्यावर पावसाचे डाग उमटत. सैनिकांना तो अडथळा वाटे, हवामानतज्ज्ञांना तीच पर्वणी ठरली. पुढे डॉप्लर रडार आले. पावसाचे थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हे त्यावरून कळते आणि त्यावरून ढगातल्या वाऱ्याचा माग लागतो. गडगडाटी ढग जन्मल्यावर तरी पहिल्यांदाच नीट दिसू लागला.

१४/
खाली कोसळणाऱ्या वाऱ्याचे कोडे सोडवले जपानी वंशाच्या तेत्सुया फुजिता यांनी. १९७५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरणारे एक विमान वादळात पडले. फुजितांनी अनुमान काढले की ढगातून कोसळलेला वाऱ्याचा लोट जमिनीवर आदळून पसरला आणि त्याने विमान खाली दाबले. १९४५ मध्ये नागासाकीत त्यांनी स्फोटाच्या केंद्राभोवती चहूदिशांना लवंडलेली झाडे पाहिली होती. वादळानंतर वरून टिपलेल्या रानांच्या छायाचित्रांत तीच नक्षी त्यांना ओळखू आली. अनेकांनी आधी शंका घेतली. पुढच्या मोजमापांनी फुजिता खरे ठरले.

१५/
मुंबईला या इतिहासाची आठवण करून दिली २६ जुलै २००५ ने. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस आणि कुलाब्याला त्याच दिवशी ७३. एकच शहर, पण आभाळ दोन. डॉप्लर रडार तेव्हा शहरात नव्हते. नंतर ते कुलाब्याला आले, आणि जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीजवळ वेरावलीला दुसरे सुरू झाले. आज हवामान विभाग पुढच्या तीन तासांपुरता ‘तात्कालिक अंदाज’ देतो. विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने तयार केले आहे.

१६/
थोडक्यात ‘वेळे’चा हिशेब असा. चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागते. गडगडाटी वादळाची शक्यता एक-दोन दिवस आधी सांगता येते. पण कोणत्या वस्तीवर, किती वाजता आणि नेमक्या किती वेगाने, हे ढग रडारवर दिसल्यावाचून सांगता येत नाही. १३ मेच्या दुपारी वादळी वाऱ्याचे तात्कालिक इशारे निघालेही होते. तेवढ्या वेळात फेरीवाला आपले छप्पर उतरवील, क्रेनचालक खाली येईल. शेकडो टनांचा सांगाडा मात्र तेवढ्या वेळात कुणालाही बळकट करता येत नाही. त्याची काळजी कुणीतरी आधीच घेतलेली असावी लागते.

१७/
इथून ‘वजना’चा इतिहास सुरू होतो. तो वहीत लिहिला गेला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली, ती मुख्यतः खगोलवेधांसाठी आणि जहाजांना बिनचूक वेळ पुरवण्यासाठी. १८४१ पासून तिथे हवामानाच्या आणि भूचुंबकत्वाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्याकडे तिची धुरा होती आणि त्यांच्या हाताखाली एक मराठी तरुण काम करीत होता : अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे.

१८/
हेच पुढे पुण्यात गणिताचे नामांकित अध्यापक झाले आणि टिळकांचे गुरू म्हणून ओळखले गेले. त्यांचे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक अभ्यासकांना परिचित आहे. कुलाब्याची त्यांची वर्षे तुलनेने कमी आठवली जातात. ठरल्या वेळी यंत्र वाचायचे, आकडा वहीत उतरवायचा, पुन्हा पुढच्या वेळेची वाट पाहायची. या कामात नाट्य नसते. आजचा आकडा आज कुणाच्याच उपयोगाचा नसतो. त्याचे मोल ठरते पन्नास-शंभर वर्षांनी, तेही वही मध्येच तुटली नसेल तर.

१९/
वही तुटू नये म्हणून काय करावे लागते, याचा धडा नानाभाई मूस यांनी घालून दिला. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या होत्या आणि त्यांमुळे चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. तेव्हा भूचुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवण्यात आली. पण १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुन्या आकड्यांशी नव्यांचा सांधा जुळावा.

२०/
अशी अखंड वही अफवेलाही पुरून उरते. ‘६ जून १८८२ रोजी मुंबईत चक्रीवादळाने एक लाख माणसे मारली’ हे वाक्य कित्येक याद्यांत आणि पुस्तकांत फिरत आले आहे. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे पावणेआठ लाख होती. म्हणजे शहरातला जवळजवळ आठवा माणूस दगावला असता. एवढ्या संहाराची छाया तत्कालीन वृत्तपत्रांत आणि हवामानाच्या नोंदींत दिसायला नको का? ती दिसत नाही. अमिताव घोष यांनीही २०१६ च्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’मध्ये या कथेचा माग काढला आहे. ते वादळ झालेच नाही, असे आज अभ्यासक मानतात.

२१/
आता वहीतला आकडा बांधकामापर्यंत कसा पोचला ते पाहू. त्यासाठी थोडे स्कॉटलंडला जावे लागेल. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री टे नदीवरचा रेल्वेपूल गाडीसकट कोसळला. सुमारे ७५ माणसे गेली. पूल दीड वर्षाचाच होता आणि त्याचे अभियंता टॉमस बाउच यांना त्याच वर्षी ‘सर’ ही पदवी मिळाली होती. वादळ मोठे होते, यात वाद नव्हता. चौकशीत प्रश्न विचारला गेला तो असा : आराखडा करताना वाऱ्याचा दाब किती धरला होता?

२२/
उत्तर असे की वाऱ्याच्या दाबाची वेगळी तरतूदच केलेली नव्हती. पुलाचा आराखडा, बांधणी आणि देखभाल तिन्ही सदोष होती, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर ब्रिटनमध्ये दर चौरस फुटाला ५६ पौंड दाब धरण्याचा दंडक आला आणि फोर्थचा प्रसिद्ध पूल त्यानुसार बांधला गेला. तो आजही उभा आहे. टेच्या चौकशीने एक गोष्ट कायमची ठरवून दिली : वारा कोणत्या रात्री येईल हे अभियंत्याला ठाऊक असण्याची गरज नाही. तो कधीतरी येणारच, हे ठाऊक असले की पुरे.

२३/
आपल्याकडे याच विचारातून भारतीय मानक ८७५ चा तिसरा भाग आला. देशभरातल्या वाऱ्याच्या दीर्घ नोंदींवरून त्यात नकाशा दिला आहे. मुंबईसाठीचा मूलभूत वेग आहे सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. हा झोत ५० वर्षांतून सरासरी एकदा अपेक्षित मानला जातो. ‘५० वर्षांतून एकदा’ म्हणजे आपल्या हयातीत नाहीच, असा समज होतो. गणित सांगते की कोणत्याही ५० वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता ६० टक्क्यांहून अधिक असते.

२४/
आता १३ मेकडे परत येऊ. त्या दिवशीच्या वाऱ्याचा वेग तपासात ताशी ८७ किलोमीटर धरला गेला. माटुंग्याच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेने फलकाची तपासणी केली. तिचे निष्कर्ष वृत्तपत्रांत आले, त्यानुसार पाया ताशी ४९ किलोमीटरपर्यंतचाच वारा पेलू शकत होता. पेलायला हवा होता १५८ चा. फलकाची लांबी-रुंदी प्रत्येकी १२० फूट तरी होती. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. म्हणजे क्षेत्रफळ निदान नऊपट.

२५/
हे आकडे वजनात मांडून पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. १२० फूट चौरस फलकावर ढोबळमानाने ४९ च्या वेगाला १५ टन भार येतो, ८७ ला ४८ टन आणि १५८ ला सुमारे १५८ टन (शेवटचे दोन आकडे सारखे, हा निव्वळ योगायोग). पाया १५ टनांचा आणि त्या दुपारी आले ४८ टन. मानकाने सांगितलेल्या वजनाच्या ते एक तृतीयांशही नव्हते.

२६/
आणि ८७ हा वेग मुंबईला नवा होता का? ऑगस्ट २०२० च्या पावसाळी वादळात कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत नोंदले गेले. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा कुलाब्याचा आकडा ११४ होता. चार वर्षांत दोनदा शहराने याहून जोराचा वारा अनुभवला होता आणि तो अधिकृत नोंदीत होता. ‘इशाऱ्यात नव्हते’ हे विधान त्यामुळे फार तोकडे ठरते. इशाऱ्यात नसेलही. वहीत होते.

२७/
वजनाचा हा हिशेब मध्य मुंबईला पाण्याच्या रूपात चांगलाच परिचित आहे. परळ-दादरच्या मधला हिंदमाता चौक बशीसारखा सखल. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलीमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला आणि १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने हा आकडा ५० करायला सांगितले. मधल्या वर्षांत हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून वाट काढणारे लोक जुन्या आकड्याची किंमत मोजत होते. पाऊस किती वाजता येणार, हे कळून ते पाणी ओसरले नसते.

२८/
अलीकडे हिंदमाताचे पाणी साठवायला दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर मैदानात भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या. त्या पुरेशा आहेत की नाहीत, यावर दर पावसाळ्यात वाद होतो, आणि व्हायलाही हवा. पण तो वाद योग्य जागी होतो : किती पाऊस धरून बांधले? वाऱ्याबाबत हाच प्रश्न आपण क्वचित विचारतो. फलक, मंडपांच्या कमानी, मनोऱ्यांचे पत्रे, इमारतींवरचे पत्र्याचे मजले यांच्यापुढे उभे राहून ‘किती वारा धरून बांधले?’ असे विचारणारे आपल्यात किती?

२९/
याचा अर्थ इशारा कमी मोलाचा, असा नव्हे. मच्छीमार, क्रेनचालक, झाडाखाली थांबलेला पादचारी, पुलाखाली पथारी मांडलेला विक्रेता यांच्यासाठी अर्धा तासही जीवनमरणाचा असतो, आणि तो अर्धा तास मिळवायला दीडशे वर्षे लागली. पण इशारा हलत्या माणसांना वाचवतो. न हलणाऱ्या वस्तूंपासून आपल्याला वाचवतो तो वहीतला आकडा आणि त्या आकड्याला मान देणारी परवानगी, तपासणी, देखभाल.

३०/
इतिहासात ‘दैवी आपत्ती’ या शब्दप्रयोगाची जागा सतत आक्रसत आली आहे. मुरादाबादच्या गारांपुढे १८८८ चा माणूस खरोखरच असहाय होता. टेच्या पुलाबाबत १८८० मध्येच हे उत्तर पुरेसे मानले गेले नाही. २०२४ च्या मुंबईजवळ तर १८४१ पासूनच्या वह्या आहेत, मानक आहे आणि वारा मोजणारी यंत्रेही आहेत. वादळ आले हे निसर्गाने केले. त्याला किती वजन धरायचे, हे मात्र माणसांनी ठरवलेले किंवा ठरवायचे टाळलेले असते.

३१/
वाचकहो, एक विनंती. तुमच्या घरी, चाळीत, एखाद्या जुन्या मंडळाच्या किंवा दुकानाच्या कीर्दीत वादळाची नोंद असेल : कोणत्या साली पत्रे उडाले, कोणते झाड पडले, मांडव कधी कोसळला. साल, महिना आणि जागा यांसह खाली लिहा. आठवण असेल तर आठवण म्हणून लिहा, कागद असेल तर कागद म्हणून. दोहोंत सरमिसळ नको. १८८२ ची कथा अशाच सरमिसळीतून फोफावली. पुढच्या धाग्यात १९४८ च्या नोव्हेंबरातले मुंबईचे वादळ पाहू.